मोटार बारा, बॅटरी बारा

नामदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीत एका लग्नात माइकवर नकला करत होतो. फोन त्याच्या मुलीचा, सगुणाचा. "काका, आप्पा गेले," एवढंच ती बोलली. मी माइक खाली ठेवला... कुणी न सांगता, आयुष्यात पहिल्यांदाच.

नामदेव माझा झरीचा बालमित्र. बॅटरीवरचे फवारणी पंप दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानाची एक रीत होती. गिऱ्हाइकानं आधी मोटारीवरचा आकडा मोठ्यानं वाचायचा, मग बॅटरीवरचा. दोन्ही जुळले तरी तो थेट जोडायचा नाही, मधे एक बल्ब घालायचा. बल्ब लख्ख पेटून राहिला की समजायचं, मोटार अडकली किंवा आतून जळाली. मंद झाला की मगच बल्ब काढून थेट जोड. कुणी जास्त जोर मागितला की म्हणायचा, "दुप्पट व्होल्ट दिल्यावर पळती की. पण पळता पळता मरती." सरपंचालाही त्यानं आकडे वाचायला लावले होते.

ही रीत माझ्यामुळं पडली, हे झरीत अजून कुणाला माहीत नाही.

पंचवीसेक वर्षांपूर्वी गणपतीत आमचं नाटक होतं. कृष्ण अर्थातच मी. नामदेवनं नुकतंच दुकान टाकलेलं. त्यानं जुन्या टेपमधली सहा व्होल्टची मोटार लावून माझ्यासाठी फिरतं सुदर्शन चक्र केलं, टॉर्चच्या चार सेलांवर चालणारं. मला ते फारच सोज्वळ वाटलं. शिशुपाल घाबरायला नको? प्रवेशाआधी मी गुपचूप सेल काढले आणि तारा माझ्या मोटारसायकलच्या बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडल्या. चक्र असं भणाणलं की पहिली रांग मागं सरकली. मिनिटाभरात धूर, जळका वास, आणि माझ्या पितांबराला भोक. मी गरजलो, "पाहा शिशुपाला, हा माझ्या क्रोधाचा धूर!" मंडप टाळ्यांनी दणाणला.

सकाळी गाव म्हणालं, नाम्याचं काम कच्चं. त्या हंगामात त्याच्या दुकानात रेडिओसुद्धा कुणी आणला नाही, लोक पिंगळीला जाऊ लागले. मी सगळं पाहत होतो, आणि गप्प होतो. टाळ्या गोड होत्या.

शेवटच्या भेटीत, तो खाटेवर असताना, मी एकदाचं सांगून टाकलं. तो खोकत हसला.

"दुसऱ्या दिवशी ती बॅटरी चार्ज करायला कुणाकडं आणली होतीस?"

"तुझ्याकडंच."

"तिला तारेचा तुकडा तसाच लटकायला होता. त्याला गाठ माझ्या हातची. मला काय कळंना व्हय?"

"मग गावाला सांगितलं का न्हाईस?"

"तू सांगशील म्हणलं... वाट बघायलो होतो."

तर झरीकरांनो, ती मोटार मी जाळली. नामदेवचं काम पक्कं होतं.

परवा घरचा पंप घेऊन दुकानात गेलो. आता सगुणा बसते. नाटकातली ती जळकी मोटार नामदेवनं खिळ्याला टांगलेली, ती अजून तशीच. मी सवयीनं पंप पुढं सरकवला. तिनं हात मागं घेतला. "काका, वाचा अगोदर."

"मोटार बारा... बॅटरी बारा."

शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा माझा आवाज, तिला नीट ऐकू आला नाही. "मोठ्यानं, काका," ती म्हणाली, आणि बल्ब हातात धरून थांबली.