खडवलीहून आणलेला बाप

दिवाळीनंतरच्या रविवारी काहीही करून घराबाहेर पडायचंच, असं ठरवून मी नवऱ्याला, महेशला, उशीसकट उठवलं. डोंबिवलीहून बाइकने कल्याण, टिटवाळा करत खडवली. दीड तास धरा. रस्त्यात खड्डे आहेत, तेव्हा भरल्या पोटी निघू नका. स्टेशनबाहेर गरम वडापाव मिळतो. तिथल्या नदीत खोल उतरू नका, काठची डबकी बघा. मी तेच केलं, तर एका डबक्यात अंगठ्याच्या पेराएवढा चपटा, तपकिरी पाणकिडा दिसला. पाठीवर पांढुरक्या दाण्यांची दाटी.

"हात नको लावू गो, चावेल तो!" काठावर कपडे धुणाऱ्या मावशी ओरडल्या.

बिचाऱ्या किड्यालाच कीड लागलीय, असं वाटून मी त्याला पाण्यासकट बरणीत घेतलं. मला भलती कणव फार! घरी त्याला पाण्याच्या टबात सोडून जुन्या टूथब्रशने पाठ घासायला घेतली. आठ-दहा दाणे निघाले, तेवढ्यात कीटकप्रेमींच्या ग्रुपवर टाकलेल्या फोटोला उत्तर आलं : "ती अंडी आहेत. मादी नराच्या पाठीवर चिकटवते, पिल्लं निघेपर्यंत तोच सांभाळतो. सुटलेली अंडी सहसा जगत नाहीत."

मला रडूच आलं. निदान उरलेली तरी जगवायचीच, असं ठरवलं.

"म्हणजे हा बाप आहे?" महेश खुर्ची ओढून टबापाशी बसला. "शीक जरा."

"तूच शीक. आपली रिया रात्री रडायची तेव्हा किती वेळा उठलास?"

तो बाप दिवसभर पाण्यावर येऊन अंड्यांना हवा द्यायचा, जोर काढल्यासारखा खाली-वर व्हायचा. सहाव्या दिवशी पिल्लं निघाली. तिळाएवढी, आणि भयंकर भुकेली! त्यांना हव्यात डासांच्या अळ्या. शिवाय एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात, म्हणून आइस्क्रीमच्या कपांत एकेक. बाल्कनी भरली. पण आमच्या चकाचक सोसायटीत अळ्या आणायच्या कुठून? साचलेलं पाणी तपासायला येणाऱ्या कर्मचाऱ्यालाच गाठलं.

"मॅडम, लोक अळ्या लपवतात, तुम्ही मागताय?" तो पोट धरून हसला. पण चौथ्या मजल्यावरची कुंडीखालची थाळी ओतण्याआधी त्याने मला हाक मारली. मी चहाची गाळणी घेऊन पळाले. ती गाळणी आता चहाला वापरत नाही, पाहुण्यांनी निर्धास्त यावं.

पिल्लं आठवड्याची झाल्यावर आलेल्या रविवारी पुन्हा खडवली. मांडीवर कपांचं खोकं, त्यात चौतीस पिल्लं आणि एक बाप. महेशने बाइक इतकी जपून चालवली की सायकलवाले पुढे गेले. त्याच डबक्यात आधी बापाला सोडलं, मग दूरदूर पिल्लांना. एकेक गवतात दिसेनासं झालं तसं मला हसू फुटत राहिलं. ब्रशने मी मारलेल्यांचं वाईट वाटतंच, आणि ते वाटत राहणार. पुन्हा कुठलाही जीव ओळखल्याशिवाय घासणार नाही.

घरी आल्यावर संध्याकाळी सातला, त्यांच्या जेवणाच्या वेळी, मी सवयीने बाल्कनीत गेले. महेश आधीच तिथे उभा होता, हातात गाळणी.

"काय रे?"

"काही नाही गं. म्हटलं, आज त्यांना कोण वाढेल?"