रस्मिनबाईंची कमान

बालीतल्या त्या गावात रस्मिनबाईंनी चाळीस वर्षं नाच शिकवताना पोरींना एकच मंत्र दिला: "छाती पुढे, कंबर आत!" त्यांची स्वतःची कंबर मागून इतकी आत गेलेली, की तिथे नारळ ठेवला तरी पडणार नाही, अशी पोरी पैज लावत. मंदिराच्या उत्सवात बाई नाचल्या नाहीत तर देव जेवत नाही, असं गाव म्हणे, आणि बाईंनाही ते पटलेलं होतं.

यंदा उत्सवाला दोन महिने असताना तीच कंबर धरली. वैदूने तेल चोळलं, पाला चघळून पाठीवर थुंकला, कंबर ढिम्म. शेवटी बाई दवाखान्यात गेल्या, तर व्यायाम शिकवणारा डॉक्टर म्हणून समोर गावातलाच वर्सिका! नवव्या वर्षी त्याला बाईंनीच वर्गातून हाकललं होतं: "पाठ आहे का फळी? जा, ढोल बडव!"

वर्सिकाने एक्स-रे पाहिला, बाईंना उताणं निजवलं आणि कंबरेखालून हात आरपार घातला.

"बाई, अख्खा हात जातोय. इतकी पोकळी बरी नव्हे."

"मेल्या, त्या पोकळीसाठी जन्म घालवलाय मी!"

"खालचा कणा फार आत वाकलाय. पोटाचे स्नायू ढिले पडलेत, जांघेतले आखडलेत. गुडघे दुमडा, पोट आत ओढा, कंबर जमिनीला टेकवा. रोज वीस वेळा."

"आणि उत्सवात काय, फळी नाचवू?"

"नाचताना खुशाल करा कमान. पण बाजारात मिरच्या घेताना कशाला?"

बाईंनी हात मागे नेऊन कंबर चाचपली. मिरच्याही त्या नाचाच्याच पवित्र्यात घेत.

"मग नुसतं उभं कसं राहतात रे?" त्यांनी हळूच विचारलं. साठीला आले तरी हे ठाऊक नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

दोन महिने बाई चटईवर कंबर टेकवत आणि वर्सिकाच्या सात पिढ्या उद्धरत राहिल्या. दुखणं ओसरलं. उत्सवात त्या नाचल्या, कमान तीच. नाच संपताच ढोलामागून वर्सिका ओरडला, "बाई, पोट!" आणि बाईंनी गावादेखत निमूट पोट आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला वर्गात बोलावून मधोमध उभं केलं आणि छडीने त्याची पाठ वरून खालपर्यंत दाखवली.

"बघा गं पोरींनो. नाच संपला की उभं राहायचं ते अस्सं."

वर्सिकाचे कान लाल झाले. तो जरा लाजून वाकला.

"हलू नकोस," बाई म्हणाल्या, "आत्ता कुठे तुला वर्गात घेतलंय."