नेत्याचा बडग्या

बडग्या बनवावा तं मीच, असं आमच्या माजरीकडं लहान पोरगंबी सांगन. फक्त ज्याचा बनवतो त्याच्यासारखा तो दिसत नाई, येवढंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची पीडा म्हणून हे पुतळे मिरवून जाळतात, त्यातल्या तणसाचा, म्हंजे धानाच्या वाळल्या गवताचा, वास आला का मले तो बडग्या आठवते. तवा खाणीत जमिनी गेल्या होत्या, नोकऱ्यायचा शब्द देणारा नेता गायब होता, अन् गाव रस्त्यावर बसून होतं. शेजारची बाई म्हणे, "भाऊ, असा कर का पाहून त्याले लाज वाटली पाह्यजे. माह्या पोराची नोकरी त्याच्याच शब्दावर अडकली हाय." मी तणसाचं पोट फुगवलं, पांढरा कुर्ता घातला, काळा चष्मा लावला, पण नाक काही जमेना. शेवटी दाढीचा आरसा समोर ठेवला अन् त्यात पाहून नाक केलं. मिरवणूक चौकात आली तं नेत्याचीच गाडी आडवी. तो उतरला. त्यानं बडग्याकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. "अबे, हा तं तूच हायेस ना!" सारा चौक पोट धरून हासला, मीबी हासलो. तेवढ्यात तो हात जोडून गाडीत बसला अन् गेला. नोकरीचं कोणी इचारलंच नाई. आता त्या बाईच्या वावरात खाणीचा खड्डा हाय, अन् पोरगं मजुरीले जाते. परवा तिले म्हणलं, "बाई, यंदा करू का कोणाचा बडग्या?" ती म्हणे, "राहू दे भाऊ. तू लोकायले हासवत बसतं, अन् तो निघून जाते."