हार्ड डिस्कचं दळण

"गुर्जी, बंद करा ते! दगड जळंल तुमचा, आधी बंद करा!"

ही आरोळी पत्र्याच्या भिंतीपलीकडून आली. भिंतीच्या अलीकडे मी, माझा कॉम्प्युटर आणि त्याच्या पोटातून येणारा 'टक्-टक्-खर्रर' असा आवाज. पलीकडे पिठाची गिरण आणि ती चालवणारी मावशी. गिरण चालू असली की आमच्या खोलीत बोललेलं बोलणाऱ्यालाही ऐकू येत नाही. बायकोच्या कितीतरी गोष्टींना मी नुसता 'हो' म्हणालो आहे, ते याच कारणानं. अशा गदारोळात, नागलीचं, म्हणजे नाचणीचं, दळण ऐन रंगात असताना, मावशीनं पत्र्यातून माझ्या हार्ड डिस्कचा आवाज वेगळा काढला होता. आमच्या पोशेरा गावात बाकी सगळ्यांना कान दोन असतात. मावशीचे अजून कुणी मोजलेले नाहीत.

मी बटण दाबलं आणि बंद केला. शिक्षक असलो तरी कुणी दरडावलं की मी ऐकतो.

आवाज तसा आठ दिवसांचा जुना. पहिल्या दिवशी मला वाटलं पाल आहे. दुसऱ्या दिवशी उंदीर. तिसऱ्या दिवशी तो इतका चढला की अंगणातल्या कोंबड्या उठून खोडाळ्याच्या रस्त्याला लागल्या आणि तिकडे दाभोशाचा धबधबा पडता पडता क्षणभर थांबला. हे मला एका खात्रीच्या माणसानं सांगितलं. तो माणूस मीच. चौथ्या दिवशी मी कॉम्प्युटरच्या डब्याला दोन चापट्या मारल्या, लहानपणी टीव्हीला मारायचो तशा. तो गप्प झाला. मी कॉलर ताठ करून सगळ्या पाड्याला सांगून आलो. पाचव्या दिवशी तो दुप्पट बोलू लागला.

शेवटी रविवारी सकाळी जव्हारच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला आणि फोन डब्याजवळ धरून आवाज ऐकवला.

"सर, डिस्क जायला टेकलीय," तो म्हणाला. "आत काही महत्त्वाचं आहे का?"

होतं, म्हणून तर फोन लावला होता. आमच्या शाळेत पहिलीला येणारं पोर घरची बोली घेऊन येतं. पुस्तकातली मराठी त्याला परक्या पाहुण्यासारखी. ओळख होईपर्यंत दाराआडून बघत राहतं. म्हणून तीन वर्षं मी पाड्यापाड्यावर फिरून म्हाताऱ्या माणसांचे आवाज टिपून ठेवले होते. शब्द, गोष्टी, गुरांना घालायच्या हाका. त्यावरून पहिलीच्या पोरांसाठी त्यांच्याच बोलीतलं चित्रांचं पुस्तक करायचं होतं. त्यातले एक आजोबा आधी पाखराचा आवाज काढायचे आणि मग त्याचं नाव सांगायचे. आवाज असा की खरं पाखरू फांदीवरून उलट उत्तर द्यायचं, आणि कधी कधी ते पाखरूच चुकायचं. एक आजी गोष्ट सांगता सांगता मधेच कोंबडी हाकलायची आणि ते हाकलणंही गोष्टीत चपखल बसायचं. ती दोघंही आता नाहीत. या साऱ्याची दुसरी प्रत? नव्हती. 'काढून ठेवा, काढून ठेवा' असं बायको वर्षभर सांगत होती आणि मी 'हो' म्हणत होतो. कारण वर दिलंच आहे.

"मग आता चालू करूच नका," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "नाशिकला नेऊन बघा. आलं तर आलं."

मी फोन ठेवला आणि लगेच कॉम्प्युटर चालू केला. 'नको' म्हटलेलं आधी करून बघायचं, हा माझ्या घराण्याचा गुण. डिस्कमधलं सगळंच्या सगळं एका दमात पेनड्राइव्हवर ओढायला लावलं. तेव्हा आधी डिस्क ओरडली आणि पाठोपाठ मावशी.

ती आत आली ती भुवयांसकट पांढरी, पिठात घोळवलेली. खुर्ची दिली तरी बसली नाही. डब्यावर तळहात सपाट ठेवला, जसा ती रोज गिरणीच्या दगडावरच्या झाकणावर ठेवते, आणि म्हणाली, "करा चालू. जरासाच."

केला. टक्-टक्-खर्रर.

"बंद. दगड फिरतोय, पन दाना पडत नाय. तुमी अख्खं पोतं नरसाळ्यात वतलंय, ते तोंडाशी अडकलंय. मंग रिकामा दगड दगडाला घासतोय."

मी तिला नीट समजावून सांगितलं, की मावशी, यात दगड नसतो, आत एक गोल तबकडी फिरते आणि तिच्यावरून एक बारीकशी सुई सरकत सरकत माहिती उचलते.

"तेच सांगते मी," ती म्हणाली.

या बाईचा मी उगीच भक्त नाही. शाळा तिनं लांबूनच पाहिलेली. पण गिरणीच्या दगडाला टाकी मारायची वेळ झाली की ती नुसत्या आवाजावरून ओळखते आणि छिन्नी घेऊन स्वतः बसते. एकदा जव्हारच्या बाजाराहून येणारी जीप अजून वळणापलीकडे होती, तेव्हा हिनं सांगितलं, आत अकरा मानसं आनि एक बोकड. जीप आल्यावर मी मोजलं तर माणसं चौदा. मी हसलो. ती म्हणाली, "तिघं मागं लटकलीत. ती आत कशी?"

तर अशी बाई माझ्या डब्यावर हात ठेवून उभी होती.

"थंड होऊ द्या. पंखा इकडं फिरवा. मंग मूठमूठ घाला. दोन मुठी झाल्या की दम खाऊ द्या. आनि बियाचं आधी काढा."

"बियाचं?"

"जे परत मिळायचं नाय ते. खायाचं काय, बाजारात मिळतं. तुमी आधी काय घातलं व्हतं?"

मला एकदम खोकला आला. यादीत सगळ्यात वर एक भली मोठी फाइल होती.

"भाषण," मी म्हणालो.

"कुनाचं?"

"माझं." शाळेच्या कार्यक्रमातलं, पाऊण तासाचं. माझ्या मते तालुक्यात असं भाषण त्याआधी झालं नव्हतं.

"ते तर तुमी रोज करता. पत्र्यातून ऐकते मी," मावशी म्हणाली आणि पलीकडे जाऊन तिनं गिरण बंद केली.

गिरण बंद, ती का, तर कान मोकळा हवा. बाहेर नागलीची, तांदळाची गाठोडी घेऊन पाच-सहा बायका बसलेल्या. अर्धा तास झाला, तास झाला.

"गुर्जींचं दळण हाय तरी किती पायली?" एकीनं विचारलं.

"ते दिसत नाय, म्हनून सरत नाय," दुसरी म्हणाली.

"बसा," मावशी आतून म्हणाली. "नागली काय पळून जात नाय."

आम्ही दळायला लागलो. आधी कोंबडीवाल्या आजीची दोन रेकॉर्डिंग. मावशीचा हात डब्यावर, डोळे मिटलेले. "घाला... घाला... थांबा." मी थांबायचो, डिस्क बंद करायचो, पंखा घुमत राहायचा. आश्चर्य हे, की आवाज चढायच्या आधीच तिचं 'थांबा' यायचं. मला काही ऐकू यायचं नाही. तिच्या तळव्याला यायचं. एकदा मी गुपचूप एक फाइल जास्तीची घातली. लगेच खर्रर. तिनं एक डोळा उघडला.

"हाव केलीत," म्हणाली.

त्यानंतर मी परीक्षेला बसलेल्या पोरासारखा वागलो.

आजोबांची पाखरं पेनड्राइव्हवर आली तेव्हा नीट उतरलीत का बघायला एक लावून पाहिलं. बाहेरच्या बायकांचं बोलणं एकदम थांबलं. मी दारातून डोकावलो, तर सगळ्या माना वर करून आंब्याच्या झाडाकडं बघत होत्या. मी आत येऊन तेच पाखरू पुन्हा एकदा लावलं.

ऊन कलायच्या आत बियाचं सगळं निघालं. एकेक हाक, एकेक गोष्ट, मधली कोंबडीसुद्धा. कितीही मोठा इंजिनिअर बोलावला असता तरी त्यानं आधी यंत्र मागितलं असतं. हिनं फक्त पंखा फिरवायला सांगितला.

"आता भाषण घालू का?" मी विचारलं.

"तुमचं दळण, तुमी बघा," म्हणत तिनं हात काढून घेतला आणि ती गिरणीकडे गेली.

मी भाषण घातलं. डिस्क एकदा टक् म्हणाली, एकदा खर्रर म्हणाली आणि कायमची गप्प झाली. पाऊण तास ऐकावं लागू नये म्हणून जीव दिला तिनं, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीत गेलो. पाच बायकांसमोर मावशीचे आभार मानावेत म्हणून घसा साफ केला आणि सुरुवात केली, की पुढं शाळेत जी पोरं आपल्या आजोबा-आजीच्या बोलीत वाचतील, त्यांनी हा हात लक्षात ठेवला पाहिजे. या हातामुळं तीन वर्षांचं सगळं वाचलं, फक्त माझं भाषण तेवढं गेलं.

मावशी दगडावरचं पीठ झाडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मंग काय गेलं नाय," म्हणाली.