पडद्यावरचा शेवट

परवा लालबागमध्ये मिरच्या कुटायच्या डंक्यासमोरून जाताना ठसका लागला आणि सुलभाताईंच्या कादंबरीची नायिका आठवली. तीही डंका चालवते. सोडून गेलेला नवरा दारात परत येतो, तरी ती कुटणं थांबवत नाही. त्या कादंबरीवरच्या सिनेमाची पटकथा मात्र मी लिहिली, आणि लोकांना गोड शेवट हवा म्हणून तिला नवऱ्यासोबत पाठवून दिलं.

दादरला पहिला खेळ सुटला, तेव्हा एका म्हातारीने ताईंना अडवलं. "काय गो बाय, एवढी खमकी बाई आणि शेवटाक त्याच्याच मागसून धाडलंस?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वेफर्स खात राहिलो. तेव्हा वाटलं, माझं नाव न घेता ताईंनी मला सांभाळून घेतलं. आज कळतं, त्या माझ्या बोलण्याची वाट पाहत होत्या.

ठसका ओसरला तसा थेट गिरगावात त्यांच्या घरी गेलो. "ताई, तो शेवट माझा होता, हे आता सगळ्यांना सांगायचंय."

"बरा आलास," ताई म्हणाल्या. "कादंबरीवर पुन्हा सिनेमा होतोय आणि निर्मात्याला तुझाच शेवट हवाय. तो शेवट चुकला होता, हे उद्या त्याला तूच सांग. फक्त या वेळी वेफर्स आणू नकोस."