वहिनींच्या प्रश्नपत्रिका

नव्वदच्या दशकात आमच्या डोंबिवलीच्या घरात कॉम्प्युटर आला तो माझ्या हौसेपायी. वहिनी त्याच्याकडे फिरकायच्या नाहीत. त्या ठाण्याला मराठी शाळेत शिकवायच्या. एकदा जिन्यात पडल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, तरी पेन धरला की हात दुखायचा, आणि सहामाहीच्या प्रश्नपत्रिका तर लिहायच्या होत्या.

मी मराठी टायपिंगचा एक प्रोग्रॅम लावून दिला. त्यात 'क' भलत्याच इंग्रजी अक्षरावर आणि काना आणखी तिसरीकडे. दोन संध्याकाळी झटून वहिनी रडवेल्या झाल्या. "भावजी, राहू द्या. मी रजाच वाढवते."

कल्याणला माझा एक मित्र होता. नवा प्रोग्रॅम दिसला की तो वापरून बघायचाच. त्याला हे सांगितलं, तर रविवारी फ्लॉपी घेऊनच घरी आला.

"वहिनी, हा फुकट मिळतो. मराठी शब्द आपण इंग्रजी अक्षरांत लिहितो ना, तसंच टाइप करा. मराठी तो करतो."

वहिनींनी भीतभीत एकेक अक्षर दाबलं. पडद्यावर उमटलं, 'रिकाम्या जागा भरा.' त्यातला 'म्या'सुद्धा बरोबर.

"अगंबाई, हे तर मला येतंय!"

मग पेपर पुरा होईपर्यंत त्या उठल्या नाहीत. मनगट दुखतंय का विचारलं, तर "नाही हो," म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा सैलावला होता. ते बघून मलाही हायसं वाटलं.