मुक्या केलेल्या वहाणा

मी भित्रा नाही, हे आधीच सांगून टाकतो. मेळघाटात अस्वलानं माझी पोटरी फाडली, ती मी भ्यालो म्हणून नव्हे. मी फार तयारी करून गेलो होतो, म्हणून फाडली.

तेव्हा मी विशीतला होतो. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यामुळे आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याची किंमत आली होती. लढाई कोण कोणाशी करतंय हे आमच्या गावात एकालाही ठाऊक नव्हतं, पण ती लवकर मिटू नये असं सगळ्यांनाच वाटे. शेजारच्या एकानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. ज्याच्याकडे दोन चाकं आणि दोन बैल होते, तो कापूस भरून अमरावतीच्या बाजाराला, नाहीतर अकोल्याच्या पुढं रूळ जिथवर आले होते तिथवर भाड्यानं जात होता. माझे वडील आणि थोरला भाऊही गाड्या घेऊन तिकडेच गेले होते. गावात बायका, म्हातारे, वासरं आणि मी. बी-बियाण्याचं बघायला म्हणून मला मागं ठेवलं होतं आणि त्याचा मला राग होता.

माझी धाकटी बहीण घाटावर दिलेली. परतवाड्याहून डोंगर चढून गेलं की वर सपाटीवर तिचं सासर. घर गुराढोरांचं, दुधातुपाचं, माणसं चांगली. ती पहिलटकरीण होती आणि तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत सगळ्यांचीच. पण आमच्या मायच्या मनात रीतीपेक्षा भीती मोठी होती. आदल्या वर्षी त्याच घरात बहिणीची थोरली जाऊ बाळंतपणात अडून गेली. वर सुईण नव्हती आणि खालून आणीपर्यंत सगळं संपलं होतं. आमच्या गावची सुईण मात्र नावाजलेली, पार परतवाड्याहून तिला बोलावणं येई. पौषाची अमावास्या झाली की बहिणीला आठवा लागणार होता, आणि आठव्यात गर्भारशीला शिवेबाहेर काढत नाहीत. त्याआधी मुऱ्हाळी जायला हवा होता. सासरी दिलेल्या लेकीला माहेरी आणायला जो जातो तो मुऱ्हाळी, हे वेगळं सांगायला नको.

एरवी मुऱ्हाळी गाडी जुंपून, सोबतीला दोघं-तिघं घेऊन थाटात जातो. या खेपेला ना गाडी होती ना सोबती. मायनं वडिलांकडे निरोप धाडला, त्याचं उत्तर येईना. ती रोज चुलीपुढं बसून रडायची. शेवटी मी म्हणालो की मी एकटा जातो. ती म्हणाली, एकट्यानं घाट चढायचा म्हणजे काय गंमत आहे? मी म्हणालो, बघच तू.

मग मी तयारीला लागलो. सगळ्या गावानं माझ्या तयारीत भाग घेतला, कारण गावाला दुसरी करमणूक नव्हती. आमचा मुलूख काळ्या मातीचा, सपाट. जनावर म्हणजे रोही, रानडुक्कर आणि हिवाळ्यात एखादा लांडगा. वाघ कोणी पाहिला नव्हता, त्यामुळे वाघाविषयी प्रत्येकाला सगळं माहीत होतं. पारावरच्या एका आजोबांनी सांगितलं की वाघाचं नाव तोंडातून काढायचं नाही, मामा म्हणायचं. दुसऱ्यांनी सांगितलं की त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा. तिसऱ्यांचं म्हणणं, डोळा मुळीच भिडवायचा नाही. एका काकूनं तिखटाची पुरचुंडी दिली, जनावर अंगावर आलं की डोळ्यांत फेकायला. अस्वलाचं नावही कोणी काढलं नाही. अस्वल म्हणजे दरवेशी दोरीला धरून नाचवतो ते, त्याला काय भ्यायचं?

थंडीची तयारी वेगळी. वर पौषात गवतावरचं दव गोठतं, अशी बहिणीकडून खबर होती. मी गोधड्या-गाद्या काढायला गेलो तर घरात एकही भरलेली गादी नाही. कापसाला भाव आला तसा मायनं गाद्या, उशा, दुलया सगळं उसवून आतला कापूस विकून टाकला होता. सगळ्या गावानं तेच केलं होतं. खळ्यावर कापसाचे ढीग पडलेले आणि आम्ही घोंगड्यांवर कुडकुडत झोपायचो. मी एका धनगराकडून जाड घोंगडं मागून आणलं आणि सवय व्हावी म्हणून चार रात्री घराच्या धाब्यावर उघड्यात निजलो. सर्दी झाली, पण ती मी कोणाला कळू दिली नाही.

या सगळ्यात एकमत झालं ते एकाच गोष्टीवर. जंगलात आवाज करायचा नाही. आणि माझ्या पायात होत्या करकरत्या वहाणा.

वऱ्हाडात तेव्हा तरण्या माणसाची ऐट वहाणेत असे. चांभाराला सांगून तळाच्या दोन थरांमध्ये बिया घालून घ्यायच्या, म्हणजे पाऊल टाकलं की वहाण करकर बोलते. माझ्या वहाणा सगळ्या गावात मोठ्यानं बोलणाऱ्या. मी वेशीत शिरलो की घरी चुलीवर तवा चढे. पण वाघाला कशाला खबर द्यायची? मी चामडं टोचायच्या आरीनं तळ उसवले, बिया काढून एका चिंधीत बांधल्या, तळ पुन्हा शिवले आणि वरून तिळाचं तेल पाजलं. कापसाच्या पराटीतून एक फेरी मारून पाहिली. बुजगावण्यावर बसलेला कावळा मी अगदी जवळ जाईपर्यंत उडाला नाही. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

मायनं दशम्या, तिळाची चटणी आणि गुळाचा खडा बांधून दिला. ओटीचं सामान वेगळं दिलं. वेशीपर्यंत ती आली. तिच्या लेकीचा जीव माझ्या पायांवर आहे, एवढं एकच तिनं मला तिथं सांगितलं, आणि मी मान डोलावली.

परतवाड्यापर्यंतची वाट रहदारीची होती. तिथं नात्यातल्या एकाकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी घाट धरला. काय सांगू, मला जंगल आवडलं. सागाची पानं पायाखाली दवानं मऊ झालेली, वहाणा मुक्या, वारा समोरून. मी चालतोय हे माझं मलाही ऐकू येत नव्हतं. मोर अगदी शेजारून गेला. मला वाटलं, मी जन्मलो तो यासाठीच, उगाच सरकी निवडत बसलो इतके दिवस.

ऊन वर आलं तेव्हा एका वळणावर बोरीची जाळी लागली. जाळी ओलांडली तर पुढ्यात वारूळ आणि वारुळात तोंड खुपसलेलं अस्वल. हात लांब केला असता तर पाठीला लागला असता, इतकं जवळ. ते फुरफुर करत वाळवी ओढत होतं आणि त्यात इतकं रंगलं होतं की त्यालाही माझा पत्ता नव्हता. मी थांबलो. घोंगडं काट्याला अडकलं असावं, किंवा माझी सर्दी शिंकली, ते आता आठवत नाही. ते वळलं आणि मला पाहून माझ्याइतकंच दचकलं.

बरोबर आणलेली कुऱ्हाड बोचक्याला घट्ट बांधलेली, कारण खांद्यावर ठेवली की ती हातातल्या कड्याला लागून वाजायची. हाताशी तिखट होतं. ते मी नेम धरून फेकलं आणि वारा समोरून होता हे विसरलो. पुढचं मला दिसलंच नाही. पोटरीत विस्तव गेल्यासारखं झालं, मी पालथा पडलो, घोंगडं डोक्यावर ओढलं. अस्वलानं घोंगडं दोन-चार वेळा फाडलं आणि मग जाळीतून काटक्या मोडत निघून गेलं. त्याचं माझं काही वैर नव्हतं. मी त्याच्या न्याहारीत न सांगता शिरलो होतो.

धोतर फाडून पाय बांधला. खाली जाणं जवळ होतं, वर जाणं लांब. मी वर गेलो. हे मात्र अभिमानानं सांगतो.

बहिणीच्या अंगणात पोचलो तेव्हा ती पाठमोरी बसून ताक घुसळत होती. मी तिच्या मागं येऊन उभा राहिलो तरी तिनं वळून पाहिलं नाही. मी हाक मारली तेव्हा ती केवढ्यानं दचकली. मग तिनं माझे लाल डोळे पाहिले, पाय पाहिला, आणि रडायचं सोडून माझ्या वहाणांकडे बघत राहिली.

"काहून रे भाऊ, वहाना काहून नाई वाजून राहिल्या तुह्या?"

मी तिला सगळी हुशारी सांगितली. तिनं ऐकून घेतलं.

"मले ऐकू नाई आलं," ती म्हणाली, "मंग अस्वलाले कसं ऐकू येईन?"

दोन वर्षांत ती घाटावरची झाली होती. पाणवठ्यावर जातानासुद्धा इथं बायका भांडी वाजवत, गाणी म्हणत जातात, हे तिनंच मला सांगितलं. जनावराला माणूस आधी कळला की ते आपलं आपण बाजूला होतं. न कळता अंगावर आलेल्या माणसालाच ते फाडतं. आमच्या पारावर हे कोणाला सुचलं नव्हतं.

तिच्या सासूनं जखमेत हळद भरली. रात्री मला ताप चढला आणि तो उतरेना. इकडे अमावास्या जवळ येत होती. त्यांच्याही घरी पुरुष माणूस नव्हतं, बहिणीचा नवरा गाड्या घेऊन खाली कापूसच वाहत होता. सासू म्हणाली की मुऱ्हाळ्यालाच धड उभं राहता येत नाही, तर तो पोरीला काय नेणार. देवाच्या मनात असेल तसं इथंच होईल. ती वाईट बाई नव्हती. पण त्या घरातली एक खोली वर्षभर बंद होती आणि बहिणीची नजर त्या दाराकडे जाताना मी पाहिली. मी उठून बसलो तर डोळ्यांपुढं अंधारी आली. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःचा राग आला तो त्या दिवशी.

बहीण सासूपुढं पदर सारखा करून उभी राहिली. "मुऱ्हाळी दारात आला, आत्याबाई. त्याले रित्या हातानं धाडलं तं तुमच्याच घराचं नाव जाईन. मले न्याले आला तो. नेता नाई येत तं मीच त्याले नेतो."

मुऱ्हाळ्याला रिकामं परतवणं म्हणजे माहेर तोडणं, हे सासूही जाणून होती. मग तिनं गोठ्यातला म्हातारा बैल सोडला. भाड्याच्या कामाचा नाही म्हणून तेवढा एकच मागं राहिला होता. त्याच्या गळ्यात तिनं घरातली सगळ्यांत मोठी घाट, म्हणजे गुरांची घंटा, बांधली आणि सुनेची ओटी भरली.

आम्ही उतरलो ते असे. उतारावर बैलावर बसणं तिला सोसेना, म्हणून ती पुढं, हातात दावं धरून, सावकाश पाय टाकत. बैलावर मी. घाट घणघण वाजत होती आणि बहीण जात्यावरच्या ओव्या गळा काढून म्हणत होती, सासरच्या, माहेरच्या, मध्येच माझी टिंगल करणाऱ्या, जोडून रचलेल्या. बोरीच्या वळणापाशी जाळीत काहीतरी जड हललं. मी कुऱ्हाड आवळली. ती आणखी मोठ्यानं गाऊ लागली आणि ते जड काहीतरी काटक्या मोडत लांब निघून गेलं. तिनं पाठीमागं वळूनही पाहिलं नाही.

थांबत, मुक्काम करत अमावास्येच्या आधी गावात शिरलो. सपाटीला लागल्यावर ती बसायची, मी लंगडायचो. पण वेशीजवळ माझी जखम पुन्हा वाहू लागली आणि तिनं मला बळंच बैलावर चढवलं. सगळ्या गावानं पाहिलं ते हेच, मुऱ्हाळी बैलावर आणि गर्भारशी दावं धरून. हसायचे ते हसले. माय भाकरतुकडा आणि पाणी घेऊन दारात आली. कोणावरून आधी ओवाळावं हे तिला कळेना. शेवटी तिनं तुकड्याचे दोन केले.

दोन महिन्यांनी बहिणीचं बाळंतपण अडलंच. मूल आडवं होतं. सुईण सकाळी आत गेली ती दुपार झाली तरी बाहेर येईना. आधी आतून ओरडणं येत होतं, मग ते थांबलं. माय उंबऱ्यावर डोकं टेकून बसली. मी अंगणात उभा होतो, आणि अस्वलापुढं भ्यालो नव्हतो तेवढा तिथं भ्यालो. सुरुवातीला सांगितलेलं तेवढं खोटं समजा.

मग सुईणीनं दार किलकिलं केलं आणि मला म्हणाली, "तुही बहीन म्हन्ते, भाऊ कुठी हाये? ऐकू नाई येऊन राहिला."

चिंधीतल्या बिया कोनाड्यात होत्या. मी आरीनं तळ उसवले, बिया भरल्या, कसेबसे टाके घातले आणि वहाणा पायात चढवल्या. अजून दुखणाऱ्या पायावर सगळा भार टाकून मी त्या अंगणात, तिच्या खोलीच्या भिंतीला लागून, इकडून तिकडे चालू लागलो. करकर, करकर. आतून मूल रडलं, तरी मी थांबलो नाही. तिचा आवाज ऐकू येईपर्यंत मी चालत होतो.